भीमगायकांनो, एकमेकांचे कल्याणमित्र व्हा!

गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमा होऊन चार-सहा दिवस झाले असतील. दुपारी तालुका कोर्टातून परतलो तर आमच्या ऑफिसच्या बाकावर एक गायक बसलेले. आमच्या भागातल्या वस्त्या-वस्त्यांत त्यांचा आवाज ओळखीचा आहे. एप्रिल-मे या दोन महिन्यांत पंधरा-वीस सुपाऱ्या घेणारा हा माणूस त्या दिवशी मात्र अगदी उतरून गेलेला दिसला. जयभीम झाला, पाणी झाले. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, एक गाणे लावले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हे गाणं माझं आहे. त्यानं चोरलं. त्याला नोटीस काढा."

ज्याला नोटीस काढायची तो दुसरा गायकही आमच्या ओळखीचा. एकेकाळी हे दोघे एकाच पार्टीत कोरस धरीत. एकाच टेम्पोत बसून जात आणि एकाच ताटात जेवीत. पुढे दोघांच्या दोन पार्ट्या झाल्या. एका जयंती मंडळाने एकाला सांगितले की तो अमुक इतक्यात येतो, दुसऱ्याला सांगितले की हा त्याहून कमी घेतो. असे करीत करीत दोघांचीही बिदागी पाडली. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद.

आम्ही वकिलाला शोभेल असा पहिला प्रश्न विचारला. "गाणं लिहिलं कोणी?"

ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "शेजारच्या गावात एक बाबा आहेत. त्यांच्या वहीतलं आहे."

"त्यांना काय दिलं होतं?"

"शाल घातली होती एकदा."

मोबाईलवर दोन्ही गाणी आम्ही पुन्हा ऐकली. शेवटच्या अंतऱ्यात बाबांचे नाव गुंफलेले होते. गाणे लांबते म्हणून दोघांनीही तो अंतरा कापला होता! ज्याने लिहिले तो पंचाहत्तरीचा माणूस घरी बसून होता आणि ज्यांनी लिहिले नव्हते ते दोघे त्या गाण्याच्या मालकीवरून एकमेकांवर कोर्टात जायला निघाले होते.

नोटीस आम्ही काढली नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे, आणि तो आज चळवळीच्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो. ज्या गाण्याने आपला समाज उभा केला, ते गाणारे, लिहिणारे, वाजविणारे आज एकमेकांना इतके परके का झाले? आणि त्यांची सोबत पुन्हा बांधायची तर ती कशी बांधायची?

आंबेडकरी गाण्याचा जन्म एकट्या माणसाच्या पोटी झालेला नाही. तो जलशात झाला. सत्यशोधक जलशांची परंपरा पाठीशी होती. १९३० च्या दशकात नाशिकच्या बाजूला भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ती बाबासाहेबांच्या चळवळीला आणून जोडली. आपल्या सभांच्या तोलाचे काम हे जलसे करतात, असे बाबासाहेब मानीत, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जलशाचा दुसरा गुण आपण विसरलो. जलसा म्हणजे दहा-बारा माणसांचा संसार होता. कोणी दिवसभर मजुरी करून रात्री तालमीला येई. लिहिणारा, गाणारा, सोंगाड्या आणि ढोलकीवाला एकाच वस्तीत मुक्काम करीत. जे मिळे ते सर्वांचे आणि जे मिळत नसे तेही सर्वांचेच. एकाचा आवाज बसला तर दुसरा उभा राही, कारण कार्यक्रम व्यक्तीचा नव्हता. भीमराव कर्डकांनी या जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, म्हणून ही माणसे निदान कागदावर तरी उरली.

१९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर हे तिघे लाल बावटा कलापथकात एकत्र आले. वाटेगावचा मातंग, बार्शीचा मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गवाणकर. तिघांचे पिंड वेगळे आणि तिघेही आपापल्या जागी मोठे. तरीही महाराष्ट्राने त्यांची नावे एका दमात घेतली. आज आपल्याकडे तीन गायकांची नावे एका पत्रिकेवर छापायची म्हटली तर पहिले नाव कोणाचे आणि कोणाचा फोटो मोठा, यावरूनच कार्यक्रम मोडतो. (हा रोग कलावंतांनी एकट्यांनी आणलेला नाही. तो त्यांनी आमच्या पुढाऱ्यांकडून घेतला, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.)

वामनदादांचे उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस. शाळेचे तोंड न पाहिलेला, मोठेपणी अक्षर शिकलेला. त्यांनी हजारोंनी गाणी लिहिली. दादांचा मुक्काम कार्यकर्त्यांच्या घरी असे, गाणे तिथेच होई आणि तिथल्याच एखाद्या वहीत उतरे. १५ मे २००४ रोजी दादा गेले तेव्हा त्यांचे धन बँकेत नव्हते. ते महाराष्ट्रभर विखुरलेल्या वह्यांत आणि शिष्यांच्या कंठात होते. पुढे लोकांनी ते वेचून जमविले. आम्ही याला मैत्रीची तिजोरी म्हणतो. दादांना घर देणारी, चहा पाजणारी, गाणे उतरवून घेणारी माणसे नसती तर दादांच्या गाण्यांतली निम्मीशिम्मीही आपल्यापर्यंत आली नसती.

आणि दादांनी एक काम वकिलालाही सुचणार नाही असे करून ठेवले. गाण्याच्या शेवटी 'वामन' हे नाव ओवले. संतांची ही जुनी रीत. पण आम्ही तिच्याकडे वकिलाच्या नजरेने पाहतो तेव्हा वाटते की ती सातबाऱ्यावरची नोंद आहे. गाणे कोणीही गावे, पण शेवटी मालकाचे नाव उच्चारावेच लागेल! आता मोबाईलच्या दीड मिनिटाच्या तुकड्यात हा शेवटचा अंतराच कापला जातो, म्हणजे नोंदच खोडली जाते. शेजारच्या गावच्या त्या बाबांचे नेमके हेच झाले.

मधला काळ कॅसेटचा होता. त्या काळाने गायकाला घराघरांत पोचविले, हे खरे. पण जलशाचा संसार त्याने मोडला, हेही तितकेच खरे. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो आला, गीतकाराचे नाव बारीक अक्षरात गेले, कोरसचे नाव तर कुठेच नाही. एकगठ्ठा रक्कम घ्यायची, कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही करायची आणि घरी यायचे. पुढे कॅसेट किती खपली, याचा हिशेब विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आमच्याकडे असे कागद घेऊन आलेली म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यातल्या एकाने सही केली तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, आणि ज्याला वाचता येत होते असा त्याचा मित्र बाहेर टपरीवर चहा पीत बसला होता. त्याला आत बोलवावे, असे दोघांनाही सुचले नाही. म्हणून आम्ही म्हणतो की मैत्री मंचावर खांद्यावर हात टाकण्याने सिद्ध होत नसते. मित्राचा कागद सहीआधी वाचणे, ही मैत्री.

आता तर कलावंत पूर्णपणे 'स्वतंत्र' झाला आहे. स्वतःचा मोबाईल, स्वतःचा चॅनेल. यात मुक्ती आहे, ती नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज कोणा कंपनीच्या मेहेरबानीवाचून महाराष्ट्रभर पोचला, तो याच मोबाईलमुळे. पण या स्वातंत्र्याच्या पोटात एकटेपण आहे. प्रत्येक जण रात्री आपले आणि दुसऱ्याचे आकडे मोजत झोपतो. दुसऱ्याचे गाणे चांगले झाले तर त्याला फोन करून 'छान गायलास' म्हणण्याची रीत बंद पडली आहे.

या एकटेपणाची किंमत आपण २०२० साली पाहिली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. १४ एप्रिल घराघरांत साजरी झाली, ते योग्यच होते. पण ज्यांचे वर्षाचे पोट एप्रिल-मेवर चालते त्यांचे काय झाले? पुढल्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, पुन्हा निर्बंध आले. सलग दोन मोसम बुडाले. आमच्या माहितीतल्या एका बेंजोवाल्याने भाजी मार्केटमध्ये हमाली धरली. एकाने कीबोर्ड गहाण टाकला आणि तो सोडविता न आल्याने कायमचा गमावला. ज्यांच्या पार्टीत ते वाजवीत त्या गायकांना हे महिनोन् महिने कळले नाही. आम्हालाही कळले नाही. कळले नाही म्हणजे आम्ही विचारले नाही. त्या काळात आम्ही धान्याची किटे वाटत होतो, यादी करीत होतो. त्या यादीत 'कलावंत' असा रकाना काढण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही.

आणि विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा माणसे मारली. चारच दिवसांनी, १५ जुलैला, या शाहिराने आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षे खपून २०११ साली जो माहितीपट पुरा केला, त्याची सुरुवात याच मृत्यूपासून होते. ज्या संघटनेसाठी घोगरेंनी उमेदीची वर्षे गायले तिच्यापासून ते अखेरच्या काळात तुटले होते, हे त्यातून सर्वांसमोर आले आहे. कोणी सोबत असते तर ते वाचले असते, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्या गोळीबाराचे दुःख कोणत्याही मैत्रीहून मोठे होते. पण समाजाचे दुःख गळ्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाचे स्वतःचे दुःख उतरवून घ्यायला कोण असते, हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला आहे. आपण त्याचे उत्तर दिलेले नाही. कार्यक्रम संपला की मंडळाचे कार्यकर्ते स्टेज सोडवायला लागतात आणि शाहीर टेम्पोत एकटा बसतो.

भगवान बुद्धांना आनंदाने म्हटले होते की कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य होय. भगवंतांनी त्याला दुरुस्त केले. अर्धे नव्हे, ती सगळेच आहे. हे वचन आपण विहारात ऐकतो आणि चप्पल घालता घालता विसरतो. सिगालोवाद सुत्तात तर मित्राची परीक्षाच दिली आहे. फक्त घेणारा, फक्त बोलणारा, तोंडावर गोड बोलणारा आणि नाशाच्या वाटेवर साथ देणारा, हे चौघे मित्राच्या वेशातले अमित्र. मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि कळवळा असणारा, हे चौघे खरे मित्र. आता जरा आपल्या कलाक्षेत्राकडे पाहा. 'दादा, तुमच्यासारखा आवाज नाही' म्हणणारे पैशाला पासरी आहेत. 'दादा, दुसऱ्या अंतऱ्यात इतिहास चुकलाय, दुरुस्त करा' म्हणणारा एक तरी आहे का? कार्यक्रमानंतर बाटली काढून बसविणारे मित्र किती आणि घरी सोडायला येणारे किती? कितीएक गोड गळे या नाशाच्या वाटेने गेले, त्यांची नावे घेऊन त्यांच्या लेकराबाळांना आम्ही दुखविणार नाही.

आता कायद्याचे थोडे सांगतो, कारण तो आमचा धंदा आहे आणि कलावंतांना तो कोणी सांगत नाही. कॉपीराईटचा कायदा १९५७ चा. स्वतःच्या मनाने गीत लिहिणारा हा त्या गीताचा पहिला मालक. मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखी आणि सहीनिशीच देता येते. 'घे बाबा, गा' एवढ्या बोलण्याने मालकी जात नाही. लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षे धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठे संरक्षण दिले. ध्वनिमुद्रणात आपले गीत वा चाल वापरली गेली तर रॉयल्टीतला समान वाटा घेण्याचा हक्क वारसाला किंवा कॉपीराईट सोसायटीलाच देता येतो, इतर कोणाला लिहून दिला तरी तो करार पोकळ. गाणाऱ्याला आणि वाजविणाऱ्यालाही आपल्या कलेवर आपले नाव असावे, असे म्हणण्याचा हक्क आहे. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क चालतो, म्हणजे अण्णाभाऊंच्या लेखनावर २०२९ अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या गाण्यांवर २०६४ अखेरपर्यंत. हे सारे पुस्तकात आहे. पण एकटा शाहीर हे घेऊन कोणाच्या दारात जाणार? त्याच्या मागे दहा जण उभे असतील तरच त्या कलमाला दात येतात.

ज्येष्ठ कलावंतांना शासनाचे मानधन आहे, त्याचीही तीच गत. अर्जाला कार्यक्रमांच्या पत्रिका, कात्रणे आणि प्रमाणपत्रे लागतात. चाळीस वर्षे गायलेल्या माणसाच्या घरी पावसाने भिजलेली एक पत्रिकाही नसते. त्या पत्रिका इतरांच्या घरी असतात. ज्याने सोबत वाजविले त्याच्याकडे, ज्या मंडळाने बोलाविले त्याच्या कपाटात. म्हातारपणीच्या त्या अर्जाला तेच लोक पुरावा देऊ शकतात.

तर त्या दोघांचे पुढे काय झाले? आम्ही दोघांनाही बाबांच्या घरी नेले. एकाला दुसरा येणार हे सांगितले नव्हते. हा थोडा लबाडीचा भाग झाला, पण तसे केले नसते तर कोणीच आले नसते. बाबांनी पैशाचा विषयही काढला नाही. ट्रंकेतून वही आणली, ते गाणे काढले आणि म्हणाले, "दोघं मिळून एकदा म्हणा, शेवटापर्यंत." दोघांनी म्हटले. शेवटच्या अंतऱ्याची चाल दोघांनाही नीट आठवेना. ती बाबांनी सांगितली. घरात सूनबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. आपल्या सासऱ्याचे नाव गाण्यात आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होते.

तिथून एक बैठक सुरू झाली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, विहारात, वंदनेनंतर. सुरुवातीला अकरा जण होते. काही गोष्टी ठरल्या. कोणी आजारी पडला तर त्याची सुपारी दुसऱ्याने करायची, पण कार्यक्रम कोणाचा हे माईकवर सांगायचे आणि ठरलेला वाटा घरी पोचवायचा. मंडळाने बिदागी पाडायला दुसऱ्याचे नाव घेतले तर त्या दुसऱ्याला तिथल्या तिथे फोन लावायचा. शेवटचा अंतरा कापायचा नाही. दर सुपारीमागे शंभर रुपये तिघांच्या सहीच्या बँक खात्यात टाकायचे. भिशी नको, असे आम्ही निक्षून सांगितले, कारण भिशी फुटली की मैत्री फुटते, आणि कायदाही मग मदतीला येत नाही.

सारे गोड चालले आहे, असे मात्र समजू नका. दोघे जण तिसऱ्याच महिन्यात सोडून गेले. एकाने मुलीच्या आजारपणात त्या खात्यातून मदत घेतली आणि त्यानंतर तो आलेला नाही. लाजेने येत नसावा, असे आम्हाला वाटते. इतरांना तसे वाटत नाही. संस्था नोंदवा, सात जण पुरतात, असा आग्रह काहींचा आहे. आम्ही वकील असूनही सध्या त्याला विरोध करतो. संस्था नोंदविली की अध्यक्ष कोण हा प्रश्न आधी येईल, आणि आपल्या समाजात गटांची टंचाई नाही!

बैठकीला येणाऱ्या दोन गायिकांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही पुरुषांनी माना खाली घातल्या. कार्यक्रमाच्या गावी कपडे बदलायला आडोसा नसतो. स्पीकर दहाला बंद होतो, पण जेवणे, सत्कार आणि हिशेब होईतो मध्यरात्र उलटते, आणि परतीचा टेम्पो आधी पुरुषांना सोडतो. कोरसच्या मुलींना सर्वांत शेवटी. आता क्रम उलटा केला आहे. एवढी साधी गोष्ट सुचायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर आमच्याकडे नाही.

जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही आमचे विचारणे आहे. डीजेवाल्याला मागेल तेवढे देताना तुम्ही घासाघीस करीत नाही. शाहिराशी मात्र पाचशे रुपयांसाठी तासभर का करता? इसार देताना एक साधा कागद का करीत नाही? त्यावर तारीख, रक्कम, येण्याजाण्याचा खर्च आणि गीतकारांची नावे, एवढे पुरे. आम्ही असा कागदाचा नमुना करून दिला आहे. त्याला फी नाही.

मागच्या बैठकीत ढोलकीवाला प्रथमच बोलला. एरवी तो कोपऱ्यात बसून गुडघ्यावर बोटे वाजवीत असतो. म्हणाला, "वकीलसाहेब, कागदावर गायकाचं नाव आलं, बाबांचं आलं. ढोलकी कोणी वाजवली ते कुठं लिहायचं?" नमुन्यात ती जागा आम्ही ठेवलीच नव्हती. गायकांपैकी एकाने लगेच हिशेब मांडला की ढोलकीचे लिहिले तर बेंजो, ऑक्टोपॅड, कोरस, सगळ्यांचेच लिहावे लागेल, कागद पुरायचा नाही. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "मग कागद मोठा घ्या." यावर वाद झाला आणि तो अर्धवट राहिला. येत्या पहिल्या रविवारी तोच विषय आहे.